काचेतल्या समुद्राचा पाया : खडकांची मांडणी

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. तरीही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक शहराचे समुद्राशी असलेले नातेही असेच दुरूनचे आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला, सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवायची, तर समुद्रातील कोणतीही गोष्ट आयती मिळत नाही. पाणी, मीठ, वाळू आणि खडक या चारही गोष्टी विचारपूर्वक जमवाव्या लागतात. त्यांपैकी पहिल्या तिघांची चर्चा पुष्कळ होते. खडकाकडे मात्र शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते आणि लहान टाक्यांच्या अपयशाचे एक मोठे कारण याच गैरसमजात दडलेले असते.

गोड्या पाण्याच्या टाकीत दगड नसला तरी फारसे बिघडत नाही. प्रवाळटाकीत मात्र खडक हेच गाळणयंत्र, हेच माशांचे घर आणि हीच प्रवाळांची जमीन असते. टाकी एकदा भरली, त्यात जीव सोडले, की खडक हलवणे म्हणजे घरात माणसे राहत असताना भिंती पाडण्यासारखे आहे. म्हणून मासे निवडण्याच्या कितीतरी आधी खडकांची मांडणी निश्चित व्हायला हवी.

खडक काय काम करतो?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना अत्यंत घातक असतो. खडकाच्या पृष्ठभागावर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या दोन्ही कामांना प्राणवायू लागतो. खडक सच्छिद्र असेल, तर त्याच्या आतल्या भागात, जेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, तेथे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. एकाच दगडाच्या बाहेर आणि आत अशी दोन वेगळी कारखानदारी अहोरात्र चालू असते. त्यामुळे खडकाचे वजन किती, यापेक्षा त्याला छिद्रे किती आणि त्याच्या भोवतीने पाणी किती खेळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

हे तत्त्व हौशी मंडळींच्या लक्षात आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली 'नैसर्गिक पद्धत' प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले जीवयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर त्यांनी प्रवाळ जगवून दाखवले. पुढे जर्मनीतील शौकिनांनी अशा खडकांना 'प्रोटीन स्किमर' या, पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या, उपकरणाची जोड दिली. ही पद्धत 'बर्लिन पद्धत' म्हणून जगभर पसरली. जिवाणू, शैवाल, कृमी, स्पंज अशा असंख्य जीवांनी वसलेल्या या खडकाला 'लाइव्ह रॉक' म्हणजे जिवंत खडक म्हणू लागले. दगड अर्थातच जिवंत नसतो. त्यावरची वस्ती जिवंत असते.

समुद्रातला खडक का नको?

येथेच भारतीय शौकिनाची वाट इतरांपासून वेगळी होते. जिवंत खडक म्हणजे बहुतांशी मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळभित्ती बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतकेच संरक्षण मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे. जिवंत प्रवाळाबरोबर त्याचा मृत सांगाडाही या संरक्षणाखाली येतो. किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा तुकडा सहलीची आठवण म्हणून पिशवीत टाकणेही म्हणूनच निर्धोक नाही.

महाराष्ट्रातील प्रवाळसंपदा मुळातच मर्यादित आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळांना आणि इतर सागरी जीवांना आसरा देणारे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा पाण्याखालचा पठारी भाग आहे. तेथेही प्रवाळे आहेत. मात्र त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल असल्याने तो सामान्य माणसाच्या नजरेपलीकडे राहिला आहे.

दगड उचलल्याने काय होते, याचे उत्तर तमिळनाडूतील मन्नारच्या आखाताने दिले आहे. तेथे अनेक दशके चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळांचा उपसा होत राहिला. लाटांचा जोर अडवणारा बांधच नाहीसा झाला. आखातातील एकवीस लहान बेटांपैकी पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. प्रवाळांचा उपसा हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. दिवाणखान्यातील टाकीसाठी लागणारे आठ-दहा किलो खडक ही वरकरणी क्षुल्लक बाब वाटते. परंतु समुद्राच्या दृष्टीने हा हिशेब एका टाकीचा नसून सगळ्या टाक्यांच्या बेरजेचा असतो.

मग कोणता खडक घ्यावा?

पहिला पर्याय कृत्रिम सिरॅमिक खडकाचा. भट्टीत भाजलेला हा खडक अतिशय सच्छिद्र, हलका आणि रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असतो. तो पाण्यात काही सोडत नाही आणि त्याच्यासोबत नको असलेले जीवही येत नाहीत. त्याची किंमत अधिक असली, तरी लहान टाकीला तो फार लागत नाही.

दुसरा पर्याय घरी तयार करण्याचा. पोर्टलँड सिमेंटमध्ये शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा आणि खडेमीठ मिसळून ओबडधोबड गोळे ओततात. सिमेंट घट्ट झाल्यावर ते पाण्यात ठेवले, की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. मात्र ताज्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि पाण्याचा सामू प्रवाळांना असह्य होईल इतका वाढतो. म्हणून हे गोळे चार ते आठ आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात आणि पाणी वारंवार बदलावे लागते. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवूनही सामू ८.५ च्या पुढे जात नाही, तेव्हाच खडक टाकीत ठेवण्यायोग्य समजावा. या कामात घाई करणाऱ्याला त्याची किंमत माशांच्या जिवाने मोजावी लागते.

तिसरा विचार नाशिककराच्या मनात हमखास येतो: आसपास डोंगरच डोंगर असताना दगड विकत का घ्यायचा? नाशिकचा काळा पाषाण हा दख्खनच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसाल्ट आहे. तो विषारी नाही. हवाई बेटांभोवतीची प्रवाळे ज्वालामुखीच्या अशाच खडकावर वाढली आहेत. अडचण वेगळीच आहे. हा दगड घट्ट आणि जड असतो. त्यात जिवाणूंना राहण्यासारखी जागा कमी आणि तो व्यापतो ती जागा मात्र पुरेपूर. थंड होणाऱ्या लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे काही थरांत पोकळ्या राहिल्या खऱ्या; पण त्यांपैकी पुष्कळशा पुढे झिओलाइट आणि इतर खनिजांनी भरून गेल्या. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात मांडलेले झगमगते स्फटिक याच पोकळ्यांची देणगी आहेत.

हा झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया धरून ठेवतो, म्हणून तेथे तो गाळण म्हणून वापरतात. खाऱ्या पाण्यात मात्र उलटे घडते. पाण्यातील सोडियम अमोनियाची जागा घेते आणि धरून ठेवलेला अमोनिया पाण्यात मोकळा होतो. गोड्या पाण्याच्या टाकीत वर्षभर राहिलेला असा दगड खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. स्वच्छ, खनिजांच्या शिरा नसलेला बेसाल्टचा एखादा सपाट तुकडा पायाला चालेल. संपूर्ण मांडणी त्याची करू नये.

दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला, तर त्यात चुनखडी आहे असे समजते. ही चाचणी उपयुक्त असली, तरी तेवढ्यावरून दगड सुरक्षित ठरत नाही. त्यातील धातूंच्या शिरा व्हिनेगर दाखवत नाही. लालसर गंजाचे किंवा हिरवट डाग असलेला दगड सरळ बाजूला ठेवावा.

एक सूचना जिवावर बेतणाऱ्या संकटाबाबतची आहे. जुन्या टाकीतील खडक निर्जंतुक करण्यासाठी कधीही उकळू नये. झोअँथिड गटातील काही जीवांत 'पॅलिटॉक्सिन' हे अतिशय जहाल विष असते. असे खडक घरात उकळल्याने वाफेवाटे विषबाधा होऊन माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. जुना खडक हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि तो घासायचाच असेल, तर उघड्यावर, पाण्याखाली धरून घासावा.

माप आणि वजन

लहान प्रवाळटाकीचे एक सोयीचे माप ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असे धरता येईल. काठोकाठ भरली, तर तिच्यात सुमारे १२० लिटर पाणी मावेल. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे शंभर लिटर राहते. पाणी, खडक, वाळू आणि काच मिळून हे ओझे दीडशे किलोच्या आसपास जाते. ते पेलणारा पक्का, चारही पायांनी जमिनीवर टेकलेला स्टँड आवश्यक आहे. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोलचा तक्ता ठेवला, की तळाच्या काचेवर भार सारखा पसरतो.

खडक किती घ्यावा, याचे जुने प्रमाण दर आठ-दहा लिटरला एक किलो असे होते. त्यानुसार या टाकीला दहा-बारा किलो खडक लागेल. परंतु हे प्रमाण जड खडकांच्या काळातले आहे. सच्छिद्र सिरॅमिक खडक सात-आठ किलोही पुरेसा होतो. टाकीचा एक तृतीयांश भाग खडकाने व्यापावा आणि उरलेला पाण्यासाठी मोकळा ठेवावा, हे ध्यानात ठेवायला सोपे आहे. टाकी दगडांनी भरली म्हणजे ती समृद्ध झाली असे नव्हे. लहान टाकीत प्रत्येक अनावश्यक दगड तेवढे पाणी कमी करतो. पाणी जितके कमी, तितके तापमान आणि क्षारता लवकर बिघडतात.

आधी जमिनीवर, मग टाकीत

मांडणीची तालीम टाकीबाहेर करावी. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर टाकीच्या तळाचा ६० बाय ४५ सेंटिमीटरचा आयत आखावा. त्याच्या आत समोरून आणि दोन्ही बाजूंनी आठ सेंटिमीटर आणि मागून पाच सेंटिमीटर जागा सोडली, की ४४ बाय ३२ सेंटिमीटरचा आयत उरतो. खडक फक्त या आतल्या आयतात राहिला पाहिजे. सोडलेल्या पट्टीतून काच घासण्याची चुंबकी घासणी फिरते आणि पाणीही खेळते. ज्या टाकीत हात आणि घासणी पोहोचत नाही, तिची काच महिनाभरात हिरवी होते.

सर्वांत मोठे आणि सपाट बुडाचे दोन-तीन तुकडे पायासाठी निवडावेत. त्यांवर मध्यम तुकडे असे ठेवावेत, की प्रत्येक दगड किमान तीन बिंदूंवर टेकेल. या कामाचा एक उत्तम पाठ नाशिक जिल्ह्यातच आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर आणि त्या परंपरेतील इतर हेमाडपंती मंदिरे चुन्याचा आधार न घेता, दगडात दगड अडकवून उभी केलेली आहेत. टाकीतील खडकांनाही हाच नियम लावावा. मांडणी आधी चिकटवण्याविना स्वतःच्या वजनावर उभी राहिली पाहिजे. बोटाने हलकेच ढकलल्यावर डगमगणारी मांडणी मोडून पुन्हा करावी. दोन किलोचा खडक पाण्यात घसरला, तरी तळाची किंवा समोरची काच तडकू शकते.

डोळ्यांना सुखावणाऱ्या मांडणीचे काही सोपे नियम आहेत. खडकांची सलग भिंत मागच्या काचेला टेकवून उभारण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ती मागे मळ साठवते आणि टाकी उथळ दाखवते. त्याऐवजी दोन स्वतंत्र बेटे करावीत. एक मोठे, एक लहान, साधारण तिनास दोन या प्रमाणात. त्यांच्यामधली आठ-दहा सेंटिमीटरची वाट टाकीच्या बरोबर मध्यावर न ठेवता एका बाजूला ठेवावी. दोन्ही बेटांची शिखरे एका उंचीची नसावीत. पाण्याची उंची ४० सेंटिमीटर असेल, तर उंच शिखर २५ सेंटिमीटरपर्यंत पुरे. वरची मोकळी जागा प्रवाळांच्या वाढीसाठी राखून ठेवायची असते. पहिल्या दिवशी भरगच्च दिसणारी टाकी दोन वर्षांनी गुदमरते. पहिल्या दिवशी थोडी रिकामी वाटणारी टाकी दोन वर्षांनी भरून येते.

जोडकाम

मांडणी पसंत पडल्यावर वेगवेगळ्या कोनांतून तिची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि दगडांवर खडूने क्रमांक घालावेत. त्यानंतर जोडकाम करावे. मत्स्यटाकीसाठी म्हणून विकली जाणारी दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी मोठ्या फटी भरते. सायनोअॅक्रिलेट प्रकारचा जेलसारखा गोंद लहान तुकडे पटकन धरतो. गोंद, मग पुट्टी आणि पुन्हा गोंद असा तिहेरी थर दिला, तर सांधा अधिक पक्का बसतो. कमान किंवा बाहेर झुकणारा कडा करायचा असेल, तर दोन्ही खडकांना भोके पाडून आत अॅक्रिलिकची कांडी घालावी. लोखंडी खिळे, तार किंवा स्टीलचे स्क्रू मात्र वापरू नयेत. खाऱ्या पाण्यात ते गंजतात. बांधकामासाठीची बुरशीरोधक सिलिकॉन लुकणही टाळावी.

टाकीत खडक ठेवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची पातळ जाळी किंवा अॅक्रिलिकचा तक्ता घालावा, त्यावर खडक बसवावेत आणि वाळू शेवटी, खडकांच्या भोवतीने ओतावी. वाळूवर खडक ठेवण्याची चूक अनेकांना महागात पडते. पिस्तूल कोळंबी आणि तिच्या सोबतीने राहणारा गोबी मासा वाळूत सतत बिळे खणतात. आधार वाळूचा असेल, तर एखाद्या रात्री संपूर्ण डोलारा कोसळतो. दोन-तीन सेंटिमीटर वाळू दिसण्यापुरती पुरेशी असते.

माशांच्या नजरेतून

माणूस टाकी समोरून पाहतो, मासा आतून. त्याला लपण्याची जागा, पोहण्याची जागा आणि पळण्याची वाट या तीन गोष्टी लागतात. प्रत्येक गुहेला दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाच्या गुहेत दुबळा मासा कोंडला जातो आणि तेथे मळही साठतो. दोन बेटांच्या रचनेचा आणखी एक लाभ असा, की एका बेटावरचा मासा दुसऱ्या बेटावरच्या माशाच्या सतत नजरेस पडत नाही. डॅमसेलसारखे मासे हद्दीसाठी भांडतात. नजर अडली, की भांडणेही कमी होतात.

शंभर लिटरच्या टाकीत क्लाऊनफिशची एक जोडी आणि एखादा गोबी एवढेच मासे सुखाने राहतात. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात विकसित केले आहे. महाराष्ट्रातही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम झाले आहे. दुकानात मासा विकत घेताना तो समुद्रातून पकडलेला आहे की पैदाशीचा, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

प्रवाळांच्या बाबतीत कठीण प्रवाळांचा मोह टाळणे हाच शहाणपणा. मश्रूम प्रवाळ, झोअँथिड आणि लेदर प्रवाळ हे मऊ शरीराचे जीव २००१ च्या यादीतील गटांत मोडत नाहीत. तरीही ते कोठून आले याची चौकशी करावी आणि शक्यतो दुसऱ्या शौकिनाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा घ्यावा. मश्रूम प्रवाळाला कमी उजेड चालतो, म्हणून तो पायथ्याशी ठेवावा. लेदर प्रवाळाला मधला किंवा वरचा कडा द्यावा. झोअँथिड एका सुट्या दगडावर ठेवले, तर ते मुख्य बेटावर पसरत नाहीत. दोन वसाहतींत सात-आठ सेंटिमीटर अंतर राखावे, कारण जागेसाठी प्रवाळेही एकमेकांशी लढतात.

प्रवाहाची परीक्षा

खडकाची मांडणी योग्य झाली की नाही, याचा निवाडा शेवटी पाणी करते. लाटा निर्माण करणारा लहान पंप एका कोपऱ्यात असा लावावा, की त्याचा झोत थेट खडकावर न आदळता समोरच्या काचेवरून फिरून दोन्ही बेटांच्या मधून जाईल. मासे सोडण्यापूर्वी पाण्यात चिमूटभर बारीक खाद्य टाकून ते कोठे फिरते आणि कोठे थांबते, हे पाहावे. जेथे कण गोळा होतात, ती मृत जागा समजावी. तेथील एखादा खडक थोडा वळवला, तरी पुष्कळदा वाट मोकळी होते. या क्षणी केलेली दुरुस्ती पाच मिनिटांची असते. सहा महिन्यांनंतरची तीच दुरुस्ती साठलेला मळ ढवळून सारी टाकी धोक्यात आणते.

पाणी, हवा आणि धीर

मीठ मिसळण्यासाठी नळाचे पाणी थेट वापरू नये. बेसाल्टच्या प्रदेशातील भूजलात विरघळलेली सिलिका असते आणि ती तपकिरी शैवालाला पोसते. क्लोरीन, फॉस्फेट आणि नायट्रेट यांचा प्रश्न वेगळाच. घरगुती पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रात चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखले जातात, म्हणून ते पाणीही पुरेसे शुद्ध नसते. आरओनंतर आयन काढून टाकणारी नळकांडी जोडून, टीडीएस शून्याच्या जवळ आलेले पाणी घ्यावे. त्यात प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ ठेवावे. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही.

नाशिकचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो आणि टाकीतील पाणी झपाट्याने उडते. पाणी उडाले, तरी मीठ मागे राहते. म्हणून घट रोज शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. याच कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. पाण्यावर लावलेला लहान पंखा मुंबईच्या दमट हवेपेक्षा येथे अधिक परिणामकारक ठरतो आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली जाणाऱ्या या शहरात हीटरही हवाच. तापमान २५ ते २७ अंशांच्या दरम्यान स्थिर राहावे.

यानंतरची कसोटी धीराची. कोरड्या खडकावर जिवाणूंची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा नसतो; जिवाणूंना अन्न म्हणून प्रतिलिटर दोन मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया दिला जातो. तेवढा अमोनिया चोवीस तासांत संपतो आणि नायट्राइटही शून्यावर येते, तेव्हा टाकी तयार झाली असे समजावे. ही प्रक्रिया लवकर व्हावी, यासाठी एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी टाकीत मुरलेल्या कृत्रिम खडकाचा तुकडा आणावा. दुधाला विरजण लावावे तसा तो संपूर्ण टाकीला जिवाणू पुरवतो. मात्र त्यावर आयप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल नाही, एवढी खात्री करून घ्यावी.

पहिल्या काही आठवड्यांत पांढऱ्या खडकावर तपकिरी थर चढतो, मग हिरवे केसाळ शैवाल येते. अनेक नवशिके येथे घाबरून खडक बाहेर काढून घासतात आणि सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. हा थर बिघाडाची खूण नसून वस्ती वसत असल्याची खूण आहे. पाणी शुद्ध ठेवले, दिवे आठ तासांपुरते मर्यादित ठेवले आणि शैवाल खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या, की ते हळूहळू ओसरते. काही महिन्यांनी खडकावर जांभळट-गुलाबी कोरलाइन शैवालाचे ठिपके दिसू लागतात. भट्टीतून किंवा सिमेंटच्या साच्यातून आलेला दगड तेव्हा समुद्राचा दिसू लागतो. वर्षभरानंतर तो खऱ्या प्रवाळखडकापासून ओळखणे सामान्य माणसाला कठीण जाते.

मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांसमोर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या सहलीच्या निमित्ताने उभ्या राहिल्या. त्या काचेपलीकडचे जग घरी असावे, ही इच्छा बहुधा तेथेच जन्म घेते. ती पुरी करण्याची साधने आता नाशिकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातही मिळतात. दिवाणखान्यात समुद्र आणावा. तो आणताना मालवणचा समुद्र एका दगडानेही उणा होऊ नये, एवढे पथ्य पाळावे.